बोटं झोपली होती तेव्हा

आधी पट्ट्या मऊ लागायला लागल्या.

रविवारची सकाळ होती. वाशीम शहर जिथं संपतं तिथं आमचा भाजीचा मळा आहे. मळ्यातल्या शेडमध्ये, पालेभाजीच्या जुड्या बांधतो त्या खोलीत, भाजीच्या दोन कॅरेटवर, म्हणजे प्लास्टिकच्या खोक्यांवर, फळी टाकून माझा कीबोर्ड ठेवलेला असतो. त्या दिवशी वाजवताना वाटलं, कुणीतरी एकेका पट्टीवर पातळ फडकं गुंडाळून ठेवलंय. आवाज येत होता, पण पट्टी बोटाला कळत नव्हती. बोटं चोळली, त्यांवर फुंकर मारली, पुन्हा वाजवलं. रियाज जास्त झाला असेल, असं स्वतःला सांगितलं आणि सांबार, म्हणजे इतरांची कोथिंबीर, बांधायला बसले. जुडीला सुतळीची गाठ बसेना.

पुढचं लिहायचं मी बरेच महिने टाळलं. पण माझ्यावर उपचार केलेल्या अकोल्याच्या डॉक्टरबाईंकडे मी माझा नंबर ठेवून आले आहे, आणि अधूनमधून फोन येतो. "आमच्या घरी पण तेच झालंय," असं पलीकडून कुणीतरी म्हणतं. फोनवर मला नीट सांगता येत नाही. मी उगीच धीर देत सुटते. म्हणून लिहून ठेवते आहे.

वसईचे सर

मी शुभांगी. वाशीमच्या एका शाळेत संगीत शिकवते. माझं माहेर कारंज्याकडचं धनज. वडिलांच्या भजनी मंडळात हार्मोनियमवर माझी बोटं घडली. यजमान गजानन आणि सासूबाई मळा पाहतात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मुलगी क्षितिजा आठवीत आहे.

जॅझ माझ्या आयुष्यात आलं ते फोनमधून. शाळेतल्या मुलांसाठी कीबोर्डचे धडे शोधत होते आणि एका म्हाताऱ्या माणसाचा व्हिडिओ लागला. त्यांनी एक साधी, अंगाईसारखी चाल वाजवली. मग वाटलं, ते ती चाल विसरलेच. उजवा हात भलत्याच वाटेनं निघाला. डावा हात मात्र खाली तेच स्वरांचे झुपके फिरवत राहिला. बऱ्याच भटकंतीनंतर उजवा हात घरी परत आला आणि मी शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच हसले.

ते ऑल्विन सर. वसईचे. उमेदीत हॉटेलांमध्ये पियानो वाजवायचे, आता घरून फोनवर शिकवतात. मी त्यांना लिहिलं. त्यांनी विचारलं, "काय येतं?" मी म्हटलं, "भजनं." ते म्हणाले, "मग लोकांबरोबर वाजवायची सवय आहे. ये रविवारी."

जागेवर सुचेल तसं वाजवणं आपल्याला नवं नाही. पण रागात पायाखालची जमीन एकच असते. इथं जमीन दर काही मात्रांनी बदलते. खाली एकामागून एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचे झुपके, येत राहतात, त्यांचा फेरा पूर्ण होतो, पुन्हा सुरू होतो, आणि दर फेऱ्याला तुम्ही वर नवी चाल रचायची. तालही सरळ चालत नाही, जरासा झुलत चालतो. सर मला एखाद्या जुन्या वादकाचा तुकडा पाठवायचे. तो आधी गाऊन पाठ करायचा, मग पट्ट्यांवर शोधायचा, मग बाराही सुरांतून फिरवायचा. मी शेडमध्ये मेथीच्या वासात तेच करत बसायचे.

गजानन दारातून डोकवायचे. "हे गाणं सुरू कवा व्हते?"

"सुरूच हाय."

"मले वाटलं तू अजून पट्ट्या पुसून राह्यली."

माझी बोटं चपळ होती, त्याचा मला अभिमान होता. सर मात्र एकदा म्हणाले, "शुभांगी, तुझी बोटं खूप बोलतात. तू कुठं असतेस तेव्हा?" मला त्याचा राग आला होता. त्याच रविवारी पट्ट्या मऊ झाल्या.

हातोडी

दुसऱ्या दिवशी ठिबकच्या नळीला अडखळून पडले. नळी जमिनीला टेकलेली होती. माझा पायच उचलला गेला नव्हता. संध्याकाळपर्यंत शेडची पायरी चढता येईना. गजानननी मोटारसायकलवर बसवताना माझा पाय हातानं उचलून पायदानावर ठेवला.

वाशीमच्या डॉक्टरांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत जुलाब, ताप? एका लग्नाहून आल्यावर झाले होते, पण ते मी विसरूनही गेले होते. त्यांनी मला टेबलाच्या काठावर बसवलं आणि रबरी हातोडीनं गुडघ्यावर टकटक केली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग ती हातोडी त्यांनी अगदी हळू टेबलावर ठेवली, जणू ती फुटेल.

गजानन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कमजोरी असन. ताकदीची एखादी बाटली लावून द्या."

"आत्ता अकोल्याला निघा," डॉक्टर म्हणाले. "जेवायलासुद्धा घरी थांबू नका."

क्षितिजाला माझ्या माहेरी, धनजला, पाठवायचं ठरलं आणि चुलतदिरांची गाडी आली. मागच्या सीटवर मला आडवं केलं. मालेगाव गेलं, पातूर गेलं, मला कळलं ते फक्त वळणांवरून. खिडकीतून उलटं दिसत होतं: झाडांचे शेंडे, मधूनच पेटलेला पळस, आणि विजेच्या तारा. तारा खांबाशी वर चढायच्या, मध्ये झोकात खाली यायच्या, पुन्हा चढायच्या. मी डोळ्यांनी त्यांच्यामागे जात राहिले. भीती वाटत नव्हती. ती गाडीत पुढच्या सीटवर गजाननजवळ बसली होती. त्यांचा एक हात सारखा मागे येऊन माझ्या पावलाला लागायचा, पाऊल आहे ना हे पाहायला. मला तो स्पर्श फक्त दिसत होता.

अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं: गिया-बारे. पाठीतून पाणी काढून तपासलं, नसांची परीक्षा केली, मग गजाननना समोर बसवून म्हणाल्या, "शरीराची स्वतःची राखण करणारी फौज चुकून नसांवरच धावून गेली आहे. वायरवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं झालंय. ते पुन्हा चढतं, पण फार हळू. आधी आजार वाढेल, मग थांबेल, मग उतरेल. वाढेल तेव्हा घाबरू नका."

हे शेवटचं वाक्य सगळ्यांत कामाचं होतं. ज्यांच्या घरी हे नुकतंच झालंय त्यांनी ते भिंतीवर लिहून ठेवावं. औषधाच्या बाटल्या सुरू असतात आणि माणूस तरीही खाली जात राहतो. तेव्हा वाटतं, उपचार चुकतोय. चुकत नसतो.

एका श्वासात

पाय गेले, मग हात. एका सकाळी जाग आली आणि उजवा हात पांघरुणाबाहेर पडलेला होता. आत घ्यावा म्हटलं तर तो कुणा दुसऱ्याचा होता. बोटं अर्धवट मिटलेली, शांत. मी त्यांच्याकडं पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना मी कधी अशी स्वस्थ पाहिलीच नव्हती.

सिस्टर दिवसभर येऊन एका श्वासात आकडे म्हणायला लावायच्या. छातीत किती जोर आहे ते त्यावरून कळतं. मी विचारलं, आकड्यांऐवजी सरगम म्हटली तर चालेल का? सिस्टर हसल्या, चालेल म्हणाल्या. पहिल्या दिवशी मी वरच्या ‘सा’पर्यंत जाऊन खाली परत आले. मग खाली येता येता वाटेतच अडकू लागले. मग नुसतं वर जाणं उरलं. एके दुपारी पंचमाशी श्वास संपला. धैवत समोर दिसत होता आणि तिथवर पोहोचायला हवा नव्हती.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "शुभांगीताई, थोडे दिवस तुमचा श्वास आम्ही घेऊ. घशातून नळी घालू. बोलता येणार नाही, पण ऐकू सगळं येईल."

गजाननना आत बोलावलं. मला खूप काही सांगायचं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "क्षितिजाले धनजलेच ठेवा. अभ्यास बुडवू नका तिचा."

"ते तूच सांगजो तिले घरी आल्यावर," ते म्हणाले. आवाज भांडल्यासारखा होता. मग त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि ते नेहमी वांगं झाडावरून काढण्याआधी पाहतात तसं, वाकून नीट, माझ्याकडं पाहिलं.

यंत्राच्या श्वासावर

यानंतरचे किती दिवस, ते मला सांगता येत नाही. नंतर घरच्यांनी सांगितले, पण ते त्यांचे दिवस. माझे वेगळे होते.

या आजारात स्वप्नं पडतात. फार खरी. ते मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते. माझा पलंग सांबाराच्या वाफ्यावर तरंगत होता, आणि खाली पाणी सोडलेलं होतं. पांढऱ्या कपड्यांतल्या बाया काठानं चालत होत्या. कधी त्या मला पोत्यात भरायला आलेल्या असत. तेव्हा मी आतून किंचाळायचे आणि यंत्र टिटीटिटी करायचं. कधी भाजीबाजार भरायचा. सगळे विक्रेते एकदम ओरडायचे, पण ओरडणं एका कॉर्डमध्ये जुळलेलं असायचं, आणि कुणीतरी तागडी ठेवली की सगळे मिळून पुढच्या कॉर्डवर जायचे. एकदा माझा कीबोर्ड दिसला. काळ्या पट्ट्यांच्या जागी लहान लहान वांगी होती, दव पडलेली. मी हात लावला नाही. लावला असता तर देठ मोडले असते.

जागेपणी छताकडं पाहत असायचे. डोळे हलायचे, बाकी काही नाही. श्वासाचं यंत्र संथ लयीत हवा भरायचं, सोडायचं. शेजारच्या पलंगाचं यंत्र टिक्‌टिक्‌ करायचं, ते आमच्या लयीशी जुळायचं नाही. जुळत जुळत पुढं निघून जायचं, मग पुन्हा मागून येऊन भेटायचं. मी त्याची वाट पाहायचे.

भेटीच्या वेळेला गजानन यायचे. डोळ्यांनी हो-नाही ठरलेलं होतं.

"तहान लागली? पाठ दुखते? कूस बदलायची?"

नाही. नाही. नाही.

"मंग काय पाह्यजे तुले, बापा?" त्यांचा चेहरा रडवेला व्हायचा आणि मला पापण्या मिटून घ्याव्या लागायच्या.

आत्याबाई एकदा आल्या. पलंगाजवळ उभ्या राहून बराच वेळ माझ्या हातांकडं पाहिलं आणि लेकाला म्हणाल्या, "तिच्या त्या सराले फोन कर. तिचं गाणं बंद पडलं हाय, बाकी काय इचारून राह्यला तू?"

मागचं आणि पुढचं

गजाननचा आणि सरांचा तो पहिला फोन. काय बोलणं झालं, ते मला नंतर कितीदा तरी सांगून झालंय.

सरांनी दवाखान्यात काय चालतं, काय नाही ते विचारून घेतलं आणि पियानोवर वाजवलेलं काही पाठवलं. गजानननी ते बाहेर बाकावर बसून ऐकलं आणि परत फोन लावला.

"सर, यात तं गाणंच नाई. नुसतं मागचं वाजून राह्यलं."

सर म्हणाले, "बरोबर. पुढचं शुभांगीकडे आहे."

सिस्टरनी परवानगी दिली: एकाच कानात, बारीक आवाजात, भेटीच्या वेळेपुरतं. गजानननी इअरफोन माझ्या डाव्या कानात इतक्या जपून घातला, जसा आपण तान्ह्या मुलाच्या कानात तेलाचा थेंब सोडतो.

कॉर्ड सुरू झाले. सरांचा डावा हात, सावकाश. एक फेरा गेला, दुसरा गेला. मी नुसती ऐकत होते. मग सवयीनं माझ्या डोक्यातली बोटं धावायला निघाली आणि जागीच थांबली. त्यांना पाठ असलेले तुकडे, त्यांच्या आवडीच्या पळवाटा, चढण-उतरण, काहीच हाताशी नव्हतं. हातच नव्हते. मग उरलं काय, तर जे खरोखर ऐकू येत होतं तेवढंच. पुढच्या फेऱ्याला मला एक स्वर ऐकू आला. फक्त एक, लांब. कॉर्ड बदलला तसा तोच स्वर वेगळा दिसू लागला, उन्हाचा कवडसा सरकला की तीच भिंत वेगळी दिसते तसा. मग त्याच्याजवळ दुसरा आला.

अशी मी त्या पलंगावर वाजवायला शिकले. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला रियाज तो. तो कुणीही ऐकलेला नाही. गजानन समोर बसलेले असत. त्यांना एवढंच दिसायचं की यंत्रावरचा नाडीचा आकडा खाली येतो. ते सिस्टरना म्हणायचे, "पाहा, सुरू झालं तिचं."

काय काय बरं वाटलं

नळी निघाली त्या दिवशी घशातून जो आवाज आला तो बेडकाचा होता. सिस्टरनी ओल्या कापसानं ओठ पुसले. पाण्याचा पहिला चमचा. मोगरा घातलेलं पाणी असावं तसं ते लागलं, आणि ते साधं नळाचं होतं.

सिस्टरनी एका दुपारी माझ्या केसांचा गुंता सोडवला आणि दोन वेण्या घातल्या. सगळा वॉर्ड हसला. मला वाटलं, मी आता शाळेत जाऊ शकते.

शेजारच्या पलंगावर आसेगावचे एक काका होते. त्यांच्या घरच्या मावशी रोज मला विचारायच्या, "आज काय हाललं वं, बाई?" एक दिवस मी खांदा उडवून दाखवला. त्यांनी बाहेर जाऊन गजाननना सांगितलं, "तुमच्या बाईनं खांदा उडवला, जसं काही सासूशी भांडून राह्यली." गजानन म्हणे बाहेर भिंतीला टेकून रडले. मला त्यांनी कधी सांगितलं नाही. मावशींनी सांगितलं.

घर

घरी आल्यावर सगळं सोपं होईल, असं वाटलं होतं. दवाखान्यात आजारी माणसाचा एक मान असतो. घरी तो मान तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपतो आणि उरतं ते काम: भरवणं, उठवणं, आंघोळ, शी-शू. पायांत रात्रंदिवस मुंग्यांची आग. आत्याबाईंच्या कमरेनं होत नव्हतं, म्हणून बहुतेक गजाननच करायचे. पहाटे भाजी तोडून बाजारात, मग मी, मग मळ्याचं पाणी, मग मी. वांगी झाडावरच जून होऊ लागली. क्षितिजा धनजहून परत आली ती दोन-तीन दिवस माझ्या खोलीच्या उंबऱ्यावरच घोटाळली. तिला माझ्या लटकलेल्या चेहऱ्याची भीती वाटत होती. एका बाजूनं हसू यायचं, दुसरी बाजू ऐकायची नाही.

एका दुपारी वरण भरवताना माझ्या ओठातून सगळं अंगावर सांडलं. मी चिडून म्हटलं, "हळू भरवता येत नाई का?"

गजानननी वाटी खाली आपटली. "म्याबी माणूस हाव ना!"

"मंग सोडून द्या. दुसरी बाई आना घरात. तो कीबोर्डही देऊन टाका कोनाले."

ते उठून निघून गेले. खिडकीतून मला ते वाफ्याच्या काठावर पाठमोरे बसलेले दिसत होते. माझ्या अंगावर वरण गार होत होतं आणि मला पुसता येत नव्हतं. आत्याबाईंनी येऊन पुसलं. मग दारात उभं राहून लेकाला हाक मारली, "ये रे. सकाळपासून तू जेवला नाई अन् तीबी. पोटात अन्न गेल्यावर भांडा."

ते आले. हात-पाय धुऊन आले. नवी वाटी घेतली, एक चमचा मला, एक स्वतःला, असं आम्ही दोघं जेवलो. माफी कुणी मागितली नाही. त्या दिवसापासून आठवड्यातून एक दुपार चुलतजाऊ माझ्याजवळ बसायला लागली आणि गजानन गावात मित्रांकडं जाऊन नुसते बसून यायचे. सांभाळणाऱ्या माणसाला घराबाहेर काढा. हे मी फोनवर प्रत्येकाला सांगते.

पडलेला हात

फिजिओथेरपीच्या ताई सांगायच्या, ताकद वरून खाली उतरेल. आधी खांदा, मग कोपर, बोटं सगळ्यांत शेवटी. म्हणजे मला हात उचलता यायला लागला तेव्हाही बोटं झोपलेलीच होती.

गजानननी कीबोर्ड शेडमधून आणून पलंगाजवळ लावला. सर फोनच्या पडद्यावर होते. मी खांद्यातून हात उचलला आणि तो धप्पकन पट्ट्यांवर पडला. भलतेच स्वर एकदम वाजले. मला रडू फुटलं.

"थांब, थांब," सर म्हणाले. "हात उचलू नकोस. कोणकोणत्या पट्ट्या दबल्यात ते सांग."

मी पाहून सांगितलं.

"हा कॉर्ड आहे. जरा गर्दी आहे त्यात, पण आहे. आता याच्यानंतर काय येईल?"

"सर, मला पाहिजे तिथं हात पडत नाही."

"पडेल तिथं पडू दे. मग पुढचं ठरव."

तोच माझा धडा झाला. हात टाकायचा, काय लागलं ते ऐकायचं, आणि दुसऱ्यांदा असा टाकायचा की पहिल्याला काही अर्थ येईल. फोनवर आवाज पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळं दोघांना एकत्र वाजवता येत नाही. मी सरांनी पाठवलेल्या कॉर्डवर हात टाकत जायचे आणि सर पलीकडं गप्प बसून ऐकायचे. पावसाळा असाच गेला. पोळ्याच्या सुमारास मधलं बोट स्वतःहून खाली दबलं. त्यानं एक पट्टी दाबली, एकटीच. मी क्षितिजाला हाक मारून ते बोट दाखवलं. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "पुन्हा कर." आम्ही जेवणाच्या वेळेपर्यंत तेच करत होतो.

आता

आता मी चालते. डावं पाऊल थोडं घासतं, पट्टा लावावा लागतो. शाळेत अर्धा दिवस जाते. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं उशिरा पोहोचतात. डॉक्टरबाई म्हणतात, अजून सुधारतील, किंवा एवढीच राहतील. जलद तुकडे वाजवता येत नाहीत. ते आठवले की अजूनही मनात वानरं शिरतात, खोटं कशाला सांगू. ज्यांना हे झालंय त्यांनी, पूर्वीसारखं सगळं होईल, असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्यावं आणि व्यायाम करत राहावं. बरंच परत येतं. जे येतं ते जुन्या जागी बसत नाही, त्याला नवी जागा करून द्यावी लागते.

थंडीत मळ्यात वाटाणा भरला की वानरांची टोळी येते. परवाच्या रविवारी मी पुन्हा शेडमध्ये बसून वाजवत होते, सर ऐकत होते. मळ्याच्या पार टोकाकडून गजाननची आरोळी आली, "हाऽऽ... होऽ!" वर चढून खाली पडणारी. माझ्या हातानं मला न विचारता तिला उत्तर दिलं. दोन स्वर वर, एक खाली. पुन्हा आरोळी आली, या वेळी लांब. मी तिला खालच्या सुरांत घेतलं, पुढच्या कॉर्डवर वळवून दिलं. कुत्र्यांचं भुंकणं थांबलं, म्हणजे वानरं गेली असणार. आरोळी मात्र येतच राहिली, आणि दर वेळी शेवटाला काहीतरी वेगळं वळण घेऊन. असे आम्ही दोन फेरे गेलो.

कॉर्ड संपल्यावर सर म्हणाले, "शुभांगी, तो दुसरा कोण आहे?"

"माझे मिस्टर, सर."

"ते काय वाजवतात?"

"काही नाही. वानरं हाकलतात."

 सर म्हणाले, "त्यांना दर रविवारी बोलवत जा."

फोन ठेवला तेवढ्यात गजानन चिखलाच्या पायांनी दारात येऊन उभे राहिले. जरा लाजल्यासारखे.

"काय म्हनत व्हती तू?"

"तुमी काय म्हनत व्हते?"

"म्या तं वानेर हाकलत व्हतो."

"मीबी," मी म्हटलं.

त्यांनी कीबोर्डकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "माहे गेले. तुहे?"

"आजच्या दिवस तं गेले."

त्यांनी मान हलवली आणि पाय धुवायला नळावर गेले.